रंगनाथआबांचा डोळा आणि गळ्याची आन

डोळ्यांच्या दवाखान्यात किस्से फार साचतात. कारण साधं आहे. बाहुली मोठी करायचे थेंब टाकले की पेशंटला डोळे मिटून बाकावर बसावं लागतं. डोळे मिटले की माणसाचं तोंड उघडतं. शेजारी कोण बसलंय ते दिसत नाही, त्यामुळे घरातलं सगळं बाहेर पडतं!

एकदा एका सासूबाईंनी डोळे मिटल्या मिटल्या सुनेची गाऱ्हाणी सुरू केली. भाकरी जाड करते, माहेरी सारखी पळते, सगळं. बोलून दमल्यावर त्या सुस्कारा सोडून गप्प झाल्या. तेव्हा शेजारून आवाज आला, "चालू द्या आत्याबाई. दुसऱ्या डोळ्यात थेंब टाकायचे राह्यलेत अजून."

असे किस्से पुष्कळ. पण चार मित्र जमले की फर्माईश होते ती रंगनाथआबांचीच. आणि आबांकडे जायचं तर सुरुवात दवाखान्यापासूनच करावी लागते.

• • •

दिल्लीहून डोळ्यांची डॉक्टर होऊन मी सेलूला परत आले. सोबतचे सगळे मोठ्या शहरांत राहिले. मला मात्र पक्कं वाटत होतं, की विज्ञान जिथं पोचलं नाही तिथंच ते न्यायचं असतं! मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागे एक घर भाड्यानं घेतलं. पुढच्या दोन खोल्यांत दवाखाना, मागच्या खोलीत मी आणि आई.

कंपाउंडर मिळाले गफूरभाई. अनुभवी माणूस. फक्त अनुभव जनावरांच्या दवाखान्यातला होता! पेशंटचं डोकं धरायची त्यांची पद्धत शेवटपर्यंत बैलाचीच राहिली. एक हात कपाळावर, एक हनुवटीखाली आणि कानात हळूच, "हो… हो… हो…" गंमत म्हणजे पेशंट खरंच शांत व्हायचे.

पहिल्या आठवड्यात दोन गरोदर बाया आल्या. बाई डॉक्टर म्हणजे बाळंतपणाचीच, हे लोकांचं ठरलेलं. मी डोळ्यांची आहे म्हटल्यावर एकीची आई म्हणाली, "असू द्या की बाई. लेकराला डोळे असतेतच ना!"

ती नामांतराची वर्षं होती. आमच्याकडे तेव्हा एक प्रश्न फार जपून विचारला जायचा. "कोणच्या विद्यापीठाच्या तुमी?" उत्तरात तुम्ही जुनं नाव घेता की नवं, यावरून समोरचा तुम्हाला ओळखून घ्यायचा. माझं आडनाव पाटीवर होतंच. माझे वडील चारठाण्याला शाळेत गुरुजी होते, आमच्या घरानं छप्पन साली दीक्षा घेतलेली, हे अर्ध्या तालुक्याला ठाऊक. तरी लोक विचारायचे.

एका पेशंटनं विचारलं तेव्हा गफूरभाई माझ्या आधीच घाईनं म्हणाले, "दिल्ली! म्याडम दिल्ली के हैं!"

पेशंटचा चेहरा मोकळा झाला. तेवढ्यात मी म्हणाले, "हो, दिल्लीची. पण नामांतर झालंच पाहिजे!"

तो गेल्यावर गफूरभाईंनी कपाळावर हात मारला. "म्याडम, उनो सिर्फ डिग्री पूछे थे!"

• • •

रंगनाथआबा आले ते गफूरभाईंच्या ओळखीनं. आबा बैलबाजारातले दलाल. पाटलाच्या भावकीतले, पांढरं धोतर, भरघोस मिशा आणि खणखणीत आवाज. म्हातारा बैल त्यांच्या बोलण्यात आला की तरुण व्हायचा. जनावरांच्या दवाखान्यापासून गफूरभाई त्यांना ओळखत होते. मला हळूच म्हणाले, "म्याडम, आदमी अच्छा है. सिर्फ बोलता सो मत मानो."

आबांचा डावा डोळा लालभडक होता आणि उजव्यापेक्षा थोडा पुढे आलेला. डोळे आले म्हणून कुणी थेंब दिले होते, कुणी दृष्ट काढली होती.

"दुखतंय का आबा?"

"दुखत न्हाई. वाजायलाय."

"काय वाजतंय?"

"जिनिंग!"

आबांचं घर जिनिंगच्या भिंतीला लागून. कापसाच्या हंगामात तो आवाज अख्ख्या सेलूच्या कानात असतोच. यंदा मात्र आबा बायकोला म्हणाले, "औंदा जिनिंग लय दिवस चालायलीय." बायको म्हणाली, "शुद्धीवर हाव का? बंद होऊन महिना झाला!"

"तवा मला कळलं, डाक्टरीणबाई, की जिनिंग भिंतीपल्याड न्हाई, माझ्या डोस्क्यात हाय."

मी स्टेथोस्कोप घेतला, आबांना डोळे मिटायला सांगितलं आणि नळी थेट डाव्या पापणीवर ठेवली.

गफूरभाई हबकले. "म्याडम, वो छाती पे लगाते!"

मी त्यांना हातानंच गप्प केलं. आणि ऐकलं. सूं… सूं… सूं… नाडीच्या ठोक्यागणिक. जे आजवर फक्त पुस्तकात वाचलं होतं, ते सेलूच्या मोंढ्यामागे माझ्या कानात वाजत होतं!

"सापडलं!" मी ओरडले.

आबा दचकले. "काय सापडलं? कापूस?"

तेवढ्यात आईनं सगळ्यांसाठी चहा पाठवला. आबांनी कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि हात जोडले. "आत्ताच पिऊन आलो."

आमच्याकडे आत्ताच चहा पिऊन आलेले पेशंट बरेच यायचे. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, केव्हाही. आई पुढच्या वेळी पुन्हा कप भरून पाठवायची. गफूरभाई मात्र पुटपुटायचे, "इत्ती चाय पीते, फिर आंख नहीं बिगडना तो क्या होना?"

• • •

आबांच्या डोळ्याला नळी लावल्याची बातमी बाजारभर झाली. दुसऱ्या दिवसापासून ज्याला त्याला डोळ्याला नळी हवी! चष्म्याचा नंबर काढायला आलेला मास्तरसुद्धा डोळे मिटून बसला. "आधी ऐकून घ्या."

मोतीबिंदूची एक आजी होती. मी टॉर्चनं तपासलं आणि म्हटलं, "आजी, झालं."

"झालं कसं? नळी?"

"तुमच्या डोळ्यात आवाज नाही आजी."

आजी भडकली. "लावून तर बगा! पाटलाच्याच डोळ्यात वाजतंय व्हय? आमचे डोळे काय मुके हायेत?"

लावली. काय करणार! आजी समाधानानं उठली आणि बाहेरच्या बाकाला सांगून गेली, "माझं बी वाजायलंय, पण बारीक हाय."

• • •

आबांना आजार समजावून सांगणं माझं कर्तव्य होतं. पेशंटला कळलं पाहिजे, या तत्त्वावर मी ठाम होते. मी कागदावर चित्र काढलं.

"आबा, डोळ्याच्या मागे रक्ताचा मोठा कालवा आहे. त्याला जोर फार. त्याच्याच शेजारून रक्त परत नेणारी लहान चारी जाते. दोन्ही वेगळे असले पाहिजेत. तुमच्या कालव्याला मधेच भोक पडलंय आणि जोराचं पाणी चारीत शिरतंय. चारी तुंबली, म्हणून डोळा सुजलाय. पाणी शिरतंय, म्हणून आवाज येतोय."

आबांना एकदम पटलं. "म्हंजी कालवा फुटलाय! मंग साहेब कोन हाय तिथला?"

"कुठला साहेब?"

"कालव्याचा! अर्ज कुनाकडं करायचा?"

साहेब हैदराबादला होता. दिल्लीतला माझा वर्गमित्र सुधाकर तिथं मोठ्या दवाखान्यात लागला होता, आणि तिथं हे भोक डोकं न उघडता बुजवायचं नवं तंत्र आलं होतं. मांडीतल्या रक्तवाहिनीतून केसासारखी बारीक नळी आत सारायची, ती पोटातून, छातीतून, मानेतून थेट डोळ्यामागे न्यायची आणि तिच्या टोकाशी असलेला इवलासा फुगा फुगवून भोकात सोडून द्यायचा. ना चाकू, ना टाके. परभणी जिल्ह्यातला पहिला पेशंट आपण पाठवणार, या विचारानं मी तर हरखून गेले होते!

सुधाकरला विचारायला पोस्टात जाऊन ट्रंक कॉल लावला. लाइन इतकी खराब, की ओरडल्याशिवाय इलाज नव्हता. आणि पोस्टात त्या दिवशी मनिऑर्डरची रांग.

"हॅलो! हो, डोळाच! डावा! काय? मांडीतून? उजव्या मांडीतून घालणार? फुगा केवढा? अरे, फुगा केवढा? आणि सुटला तर?"

बोलून वळले तर सगळी रांग माझ्याकडे बघत होती. पोस्टमास्तर पैसे मोजायचे थांबले होते. रांगेतला एक म्हातारा गंभीरपणे म्हणाला, "डाक्टरीणबाई, जत्रेतला घेऊ नका. लगेच फुटतो."

• • •

आबा हैदराबादला जाऊन आले. सुधाकरनं आधी मांडीतून नळी घालून नुसतं औषध सोडलं आणि पडद्यावर भोक कुठं आहे ते पाहिलं. आबा परत आले ते वेगळेच होऊन. बाजारात, पारावर, देवगाव फाट्याच्या चहाच्या टपरीवर एकच विषय.

"मला टीव्हीवर दाखवलं."

"कवा? आमी तर रोज बघायलाव."

"तुमच्या टीव्हीवर न्हाई. हैद्राबादच्या. आन बाहेरून न्हाई, आतून दाखवलं! माझ्या डोस्क्यातली सगळी झाडं दिसत व्हती, मुळासगट."

"मंग अक्कल दिसली का आबा?"

"दिसली की. म्हनूनच तर मला परत पाठवलं, म्हनले असल्या मानसाला घाई न्हाई."

घाई नव्हती हे खरंच होतं. भोक बारीक निघालं. सुधाकरचं म्हणणं, काही दिवस मानेतली रक्तवाहिनी रोज थोडी थोडी दाबून बघायची. वरून दार बंद केलं की पाण्याचा जोर कमी होतो, गाळ बसतो, कधीकधी भोक आपोआप बुजतं. नाही बुजलं तर पोळा झाल्यावर फुगा. मात्र हयगय केली तर डोळ्यातला दाब वाढेल आणि नजर जाईल. गेलेली नजर मग ना फुगा आणू शकत, ना मी.

खरं सांगायचं तर माझा जरा हिरमोड झाला. फुग्याऐवजी बोटं! पण आबांच्या मानेला नळी लावून मी नीट तपासलं, रक्तवाहिनी चांगली होती. मग त्यांना बसवून शिकवलं.

"उजव्या हातानं मानेची डावी बाजू दाबायची. इथं, ठोका लागतो तिथं. बसूनच दाबायचं. आणि उजव्याच हातानं."

"उजव्याच कामून?"

"डावी रक्तवाहिनी दाबून मेंदूला रक्त कमी पडलं, तर आधी उजवा हात ढिला पडतो. म्हणजे हात आपोआप सुटेल."

आबा विचारात पडले. "म्हंजी मला कळायच्या आधी हाताला कळनार! बरं हाय. आन कवा कवा दाबायचं?"

"दिवसभर. थोड्या थोड्या वेळानं."

"बाजाराच्या दिवशी बी?"

"बाजाराच्या दिवशी पण."

आबांचा चेहरा उतरला. "त्ये जमायचं न्हाई. त्यापरीस फुगा घाला."

मला काही कळेना. गफूरभाईंनी मग मला बाजूला घेऊन बैलबाजाराचा कायदा सांगितला. बाजारात दलाल आईची आन घेतो, भाकरीची घेतो, देवाची घेतो. त्या सगळ्या बोलायच्या गोष्टी. पण कुणी गळ्याला हात लावून सांगितलं, तर ती पक्की. गळ्याला हात लावून सांगितलेला बैल तसा निघाला नाही, तर दलालानं तो परत घ्यायचा. बिनबोभाट.

"और आबा?" मी विचारलं.

"आबा पूरी जिंदगी में बाजार में गले कू हात नहीं लगाए, म्याडम. मच्छर काटा तो भी नहीं!"

त्याही दिवशी आईनं चहा पाठवला. आबा आत्ताच पिऊन आले होते.

• • •

घरी पहिला गोंधळ झाला. आबा ओसरीवर बसून मान दाबत होते. बायको आतून आली, बघतच राहिली.

"आता कशाची आन घ्यायलाव? मी तर कायीच इचारलं न्हाई!"

"आन न्हाई, इलाज हाय."

"आसं? मंग हात तसाच ठिवा आन सांगा, माझ्या पाटल्या कुटं हायेत?"

आबांचा हात आपोआप सुटला. मी शिकवलं होतं त्या कारणानं नव्हे!

• • •

पुढचा गोंधळ बाजारात. आबा लिंबाखाली बसून मान दाबत होते. समोर त्यांनी विकायला आणलेला पांढराशुभ्र बैल. चारठाण्याकडचा एक शेतकरी आला.

"आबा, मारका तर न्हाई ना?"

आबांच्या जिभेला सवय. हात गळ्यावर आहे हे विसरून ती बोलून गेली, "गाय हाय गाय!"

शेतकऱ्यानं आबांच्या हाताकडे पाहिलं. घासाघीस केली नाही, दात बघितले नाहीत. बैल सोडून घेऊन गेला. आबांच्या आयुष्यातला सगळ्यात झटपट सौदा!

पुढच्या बाजाराला शेतकरी परत आला. बैल पुढं, तो मागं, आणि लंगडत.

आबा म्हणाले, "ती आन बैलाची नव्हती, डाक्टरणीची व्हती!"

बाजारातली जुनी माणसं निवाड्याला बसली. एकानं एवढंच विचारलं, "हात गळ्याला व्हता का न्हाई?"

"व्हता."

"मंग घे बैल."

आबांनी बैल घेतला. घरी नेताना बैलानं आबांनाही एक ठेवून दिली.

• • •

त्यानंतर आबांनी बाजारात मान दाबणं बंद केलं. दोन्ही हात धोतराच्या काष्ट्यात खोचून बसायचे म्हणे. मला तपासताना कळलं. डोळा जास्त पुढं आला होता, आणि तक्त्यावरची कालपर्यंत वाचता येणारी ओळ त्यांना दिसेना.

मी संतापले. "आबा, डोळा जाईल!"

"आन बाजार गेल्यावर? नुसता डोळा घेऊन घरी बसू? काय बगू? बायकोच्या पाटल्या?"

ते गेल्यावर मला गप्प बसवेना. अंधश्रद्धेशी लढायचं नाही तर मग दिल्लीहून आले कशाला! बाजाराच्या दिवशी मी गफूरभाईंना घेऊन निघाले. एका बैलगाडीवर चढले आणि भाषण ठोकलं. कालवा सांगितला, चारी सांगितली, भोक सांगितलं. कुठं दाबायचं ते नीट समजावं म्हणून स्वतःच्या मानेला हात लावून दाखवलं.

"आबा असा हात लावतात तो औषध म्हणून! ती शपथ नाही! त्यांच्या डोळ्याचा प्रश्न आहे. त्यांना हात लावू द्या!"

बाजार अगदी शांत. मला वाटलं, विज्ञान पोचलं!

खाली उतरले तेव्हा गफूरभाईंचा चेहरा पडलेला. "म्याडम, ये क्या किए तुम?"

"का? समजलं की सगळ्यांना!"

मागून एक म्हातारा दुसऱ्याला सांगत होता, "आबाचं खरंच हाय गड्या. आता तर डाक्टरणीनं बी त्याच्यासाठी गळ्याला हात लावला!"

• • •

आता आबांना पळवाट उरली नाही. हात लावावा तर खरं बोलावं लागतंय, न लावावा तर डोळा जातोय. तक्त्यावरची ती ओळ त्यांना भारी लागली असावी. पुढच्या बाजाराला लिंबाखाली बसले, हात गळ्याला लावला आणि समोरच्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "बैल म्हातारा हाय. दात घासून पांढरे केलेत. मीच केलेत."

गिऱ्हाईक हादरलं. "मंग घिऊ का नको?"

"हलक्या रानाला घे. काळ्या रानात बसंल."

त्यानं घेतला. त्याचं बघून दुसरा आला. दोन-तीन बाजारांत अशी गत झाली, की लोक दुसऱ्या दलालांचे बैल ओढत लिंबाखाली आणायला लागले. "आबा, जरा गळ्याला हात लावून सांगा, ह्यो कसा हाय?" आबा सांगायचे. लंगडा हाय. ह्यो सावलीला चमकतो. ह्येला रातांधळं हाय, पाहिजे तर डाक्टरणीला दाखव. पोळ्याच्या आधीचा मोठा बाजार होता, आणि आबांभोवती जत्रा!

त्याच आठवड्यात दवाखान्यात पाच-सहा धिप्पाड माणसं आली. डोळे सगळ्यांचे ठणठणीत. मी विचारलं, "काय होतंय?"

म्होरक्या हात जोडून म्हणाला, "आमी दलाल हाव, डाक्टरीणबाई. आबाला लौकर बरं करा. आमी मरायलोत!"

• • •

पोळा झाला. हैदराबादची तारीख ठरली होती. गाडीला बसायच्या आधी मी आबांना शेवटचं तपासायला बोलावलं. डोळ्याची लाली बरीच उतरली होती, तक्त्यावरची ती ओळही परत आली होती. पण आवाज?

"कालपत्तुर व्हता," आबा म्हणाले. "आज मी ऐकायचं भेव वाटून बाजेवरून उठल्यापासून बोलतच हाय." टोपी काढून मांडीवर ठेवली, जिथून फुगा जायचा होता त्याच मांडीवर.

"आबा, आता शांत बसा. गळ्याला हात लावा. मी सांगितल्यावर सोडायचा."

आबांनी उजवा हात मानेच्या डाव्या बाजूला लावला. गफूरभाईंनी सवयीनं एक हात त्यांच्या कपाळावर, एक हनुवटीखाली ठेवला. "हो… हो… हो…" मी नळी डाव्या पापणीवर ठेवली. आत काहीच नव्हतं. पण हात दाबलेला असताना आवाज बंदच असतो, त्यात विशेष काही नाही. खरी परीक्षा हात सोडल्यावर.

मी "सोडा" म्हणणार, तेवढ्यात मागचं दार उघडलं. आज गफूरभाईंचे हात अडकलेले, म्हणून आई स्वतःच चहा घेऊन आली होती. तिनं कपबशी आबांपुढं धरली.

"घ्या दादा."

"आत्ताच पि…" आबा म्हणाले.

आणि थांबले.

डोळे मिटलेले होते, पण बोटांना कळलं असावं ती कुठं आहेत ते. हात गळ्यावर तसाच. गफूरभाईंचं "हो… हो…" बंद पडलं. आई कप धरून उभी. मी नळी धरून उभी.

"न्हाई," आबा म्हणाले. "पिलो न्हाई. आना."

त्यांनी गळ्यावरचा हात काढला आणि आईकडून कपबशी घेतली. मी श्वास रोखून ऐकत होते. एक ठोका गेला, दुसरा गेला, आणखी काही गेले. सूं नाही, काही नाही. नळीत नुसती शांतता.

मग एकदम नळीतून एवढा मोठा आवाज आला, की मी दचकून मागे सरले.

आबा बशीतून चहा भुरकत होते.